घंगाळ, बोहारीण आणि आमच्या इमारतीचा सेल



मे महिन्यात आम्ही घर रिकामं केलं. बोरिवली पूर्वेची आमची चार मजली इमारत पुनर्विकासाला गेली. सासऱ्यांनी हे घर १९७४ साली घेतलं होतं. तेव्हापासून जे जे माळ्यावर चढलं, ते खाली उतरलंच नव्हतं. आता नवी इमारत उभी राहीपर्यंत दहिसरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचं होतं आणि तिथे माळाच नव्हता.

न्यू जर्सीच्या नणंदेने फोनवर सुचवलं, “वहिनी, गराज सेल करा. इथे घर बदलायचं म्हटलं की सगळे तेच करतात. सामान अंगणात मांडायचं, किमती चिकटवायच्या, संध्याकाळपर्यंत घर हलकं.” इमारतीतल्या बायकांना कल्पना आवडली. मे महिन्यातला एक रविवार ठरला. सकाळी अकरा वाजता आम्ही कंपाउंडमध्ये सतरंज्या अंथरल्या, भांडी मांडली, मिक्सर, पंखे, सुटकेस, शाळेची दप्तरं, सगळं मांडलं. दुपारी दोनपर्यंत उन्हात बसलो. विक्री किती झाली? एक इस्त्रीचं टेबल आणि दोन बरण्या. त्याही आमच्याच दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी घेतल्या आणि वर नेऊन पुन्हा विकायच्या ढिगात ठेवल्या!

रात्री आई, म्हणजे माझ्या सासूबाई, जपाची माळ ठेवता ठेवता म्हणाल्या, “बत्तीस घरं, बत्तीसही विकणारी. घेणारं कोण होतं त्यात?”

त्यांचं बरोबर होतं. आमंत्रण फक्त इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या लोकांनी आजवर जुनं सामान काढलं तरी कसं, हा विचार डोक्यात घोळत राहिला. पुढच्या आठ दिवसांत खोकी भरता भरता जे वाचलं, जे आठवलं, ते आज लिहिते आहे. दुसऱ्या रविवारी आमचा सेल छान झाला, तो त्यातूनच.

लिलाव हा शब्द कुठून आला?

घर सोडताना लागणारे तीन शब्द घ्या: चावी, बादली आणि लिलाव. तिन्ही पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आले. साबण, घमेलं आणि पगारही तिथलेच. पोर्तुगिजांच्या ‘लेलांव’चा आपण लिलाव केला. त्या शब्दाचं मूळ आणखी मागे अरबीत आहे, असं कोशकार मानतात. लिलावाला मराठीत दुसरा शब्द आहे हर्रास. तोही अरबीच, पण तो दरबारी वाटेने आला. म्हणजे एकाच व्यवहाराचं एक नाव समुद्रातून आलं आणि दुसरं कचेरीतून.

हे सगळं आपल्यापासून फार लांबचं नाही. बोरिवलीत मंडपेश्वरची लेणी आहेत ना, त्यांच्या डोक्यावर पोर्तुगिजांनी बांधलेल्या वास्तूचे अवशेष अजून उभे आहेत. हा सगळा भाग तेव्हाच्या साष्टीत मोडत होता. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी साष्टी आणि वसई जिंकेपर्यंत इथे पोर्तुगिजांचाच अंमल होता.

त्यांचा लिलाव कसा चाले, याचं वर्णन लिन्सखोटेन नावाच्या एका डच माणसाने लिहून ठेवलं आहे. तो १५८३ साली गोव्याला आला आणि तिथल्या आर्चबिशपच्या पदरी काही वर्षं राहिला. त्याचं पुस्तक १५९६ साली छापलं गेलं. गोव्याच्या मुख्य रस्त्यावर सणवार सोडून रोज सकाळी लिलाव भरे आणि ऊन चढायच्या आत संपे. पुकारे करणारे लोक सोन्याच्या साखळ्या आणि दागिने अंगावर घालून गर्दीत हिंडत. अरबी घोडे, गालिचे, मसाले विकले जात. गुलाम म्हणून माणसंही विकली जात, हे वाचताना मात्र मन विटतं. कोणी वारलं की त्याचं घरसामान तिथे येई आणि शेवटच्या कवडीपर्यंत विकलं जाई, मग तो माणूस साधा असो की खुद्द व्हाइसरॉय.

पुढे इंग्रजांनीही हाच रिवाज उचलला. विलायतेला परतणारे साहेब टेबल-खुर्च्या, काचसामान, घोडागाडी सगळं इथेच विकून जात आणि त्याच्या जाहिराती मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत येत. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश १८८६ साली निघाला. त्यात लिलावाला ‘आउटक्राय’, म्हणजे आरोळी, असा शब्द दिला आहे आणि आपला ‘नीलाम’ही आहे.

पुकारा, आरोळी! खोकं भरता भरता माझा हात थांबला. आम्ही पुकारा केलाच नव्हता. आणि ज्या वेळी गोव्याचा बाजार उठायचा, त्या वेळी आम्ही सतरंज्या अंथरत होतो.

सवाल आपल्यालाही माहीत आहेत

लिलाव म्हटलं की आपल्या बायका तोंड वाकडं करतात. ‘घरावर लिलाव आला’ म्हणजे अब्रू गेली, असा अर्थ मनात रुतला आहे. पण बोली लावणं आपल्याला काही नवं नाही. आमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या मंदिरांत अभिषेकाचे, पूजेचे ‘सवाल’ होतात. पंचकल्याणकात तर सौधर्म इंद्र कोण होणार, हे सवालांवरच ठरतं. श्वेतांबर भगिनींकडे पर्युषणात चौदा स्वप्नं उतरवण्याच्या बोल्या होतात आणि कित्येक ठिकाणी त्या अजून मणभर तुपाच्या हिशेबात बोलल्या जातात.

या सवालाची गंमत अशी की सगळ्यात जास्त पैसे देणारा घरी काहीच नेत नाही. त्याला मिळतो तो मान आणि पुण्य. पैसा मंदिराचा होतो. गोव्याच्या रस्त्यावर बोली वस्तूसाठी लागायची, आपल्याकडे ती सेवेसाठी लागते. वस्तूवर बोली लावून जास्तीत जास्त पैसे काढायचे, ही रीत आपल्या घरांत रुजली नाही. आपल्या घरांत रुजली ती बोहारीण.

बोहारीण

माझ्या वयाच्या मैत्रिणींना ती सांगायला नको, पण आपल्या मुलींना सांगायला हवी. दुपारी एकच्या सुमारास, सगळं आवरून बायका जरा टेकल्या की जिन्यात आवाज यायचा, “भांडीऽऽय!” डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली, खांद्याला जुन्या कपड्यांचं बोचकं. ती थेट दारात बसायची. आपण चार पँटी, दोन नायलॉनच्या साड्या पुढे टाकायच्या. ती प्रत्येक कपडा उजेडात धरून विरलेला आहे का ते बघायची, आणि मग सुरू व्हायची घासाघीस.

“ताई, एवढ्यात डबा नाही येत. अजून एक पँट टाका.”

“अगं, साडीला एक भोक नाही!”

“भोक नाही, पण फॉल सुटलाय.”

तासाभराने दोघीही समाधानाने उठायच्या आणि आपण ठगले गेलो असं दोघींनाही थोडं थोडं वाटायचं.

मुंबईत हा व्यवसाय करणाऱ्या बहुतेक बायका मूळच्या गुजरातेतल्या देवीपूजक समाजाच्या. लूसी नॉरिस या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी दिल्लीतल्या अशाच भांडीवाल्यांवर आख्खं पुस्तक लिहिलं आहे. त्यात दिल्लीच्या रघुबीर नगरचा जुन्या कपड्यांचा बाजार येतो, जो पहाटे अंधारात भरतो. आपल्या दारातून गेलेलं बोचकं पुढे कुठे जातं, ते वाचून मी चकित झाले. धडके कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून पुन्हा विकले जातात. विरलेल्यांच्या चिंध्या कारखान्यांत यंत्रं पुसायला जातात. जरीच्या साड्यांना वेगळा गिऱ्हाईक असतो. ‘जुनी जर’ घेणारे आठवतात ना? जर जाळून ते त्यातली चांदी काढत. आणि बोहारणीने दिलेला स्टीलचा डबा बहुधा इथल्याच, भाईंदरच्या गाळ्यांत घडलेला असतो.

पण जुना कपडा दुसऱ्याच्या अंगावर जाणं ही साधी गोष्ट नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. पहिले रुग्ण मांडवीत, आपल्या कच्छी आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या धान्याच्या गोदामांशेजारी सापडले. ते ओळखले डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी. लाखो माणसं शहर सोडून गेली आणि सरकारी पथकांनी रुग्णांच्या घरातली अंथरुणं-कपडे बाहेर काढून जाळले. १२४ वर्षांनी, २०२० मध्ये, आपणही तेच अनुभवलं. दुसऱ्याने हात लावलेली पिशवीसुद्धा दारात धुतली. आमच्या इमारतीत बोहारणीला फाटकातून आत सोडणं तेव्हाच बंद झालं, ते पुन्हा सुरू झालंच नाही. नव्या टॉवरमध्ये तर फाटकावर नोंदवही आणि फोनवर परवानगी. कोणाकडे जायचं आहे, असं विचारलं तर बोहारणीने काय सांगावं? ती कोणा एकीकडे येतच नसे. ती सगळ्यांकडे यायची.

आता खरं सांगते. आमच्याकडे येणारी बोहारीण वीस-बावीस वर्षं येत होती आणि मला तिचं नाव माहीत नाही. एका झाकणासाठी मी तिला अर्धा तास अडवून ठेवलं होतं, तेही भर उन्हाळ्यात. ते झाकण मला यंदा माळ्यावर सापडलं. कागदसुद्धा निघाला नव्हता.

भांड्यावरची नावं

माळ्यावरून शेवटी उतरलं ते पितळेचं घंगाळ. दोन कड्या, भक्कम बूड, साडेसहा किलो वजन. काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलं होतं आईंच्या आईचं नाव, खाली ‘हिजकडून रुखवतात’ आणि तारीख १२-५-६९.

भांड्यावर नाव घालण्याची आपली पद्धत किती चांगली होती! दुकानदार टोकदार यंत्र घेऊन बसायचा आणि टर्रटर्र करत नाव घालायचा. लग्नकार्यात भांडी शेजारी जायची, ती नावावरून परत यायची. पण त्याहून मोठं काम त्या नावांनी केलं आहे. आपल्या आज्या-पणज्यांची नावं सात-बाऱ्यावर नाहीत, दुकानाच्या पाटीवर नाहीत. ती आहेत तांब्यावर, परातीवर, कळशीवर. मी एक वही घेतली आणि घरातल्या सगळ्या भांड्यांवरची नावं आणि तारखा उतरवल्या. एकूण सतरा बायका निघाल्या. त्यातल्या चौघी कोण, हे आईंनाही सांगता आलं नाही.

मग तांबं-पितळ घरातून का गेलं? मागची पिढी स्टीलवर भाळली. स्टीलला कल्हई लागत नाही, चिंच-राख लागत नाही, नळ जाण्याआधी भांडी पटकन होतात. नोकरी करणाऱ्या बाईला तो मोठाच दिलासा होता. कितीतरी घरांनी पितळ वजनावर देऊन स्टील आणलं. वजनावर दिलेल्या भांड्याला दुकानदार ‘मोड’ म्हणतो. ‘मोडीत काढणं’ तिथलंच. भांडं ‘विकलं’ म्हणायला जीभ वळत नाही, म्हणून बायका ‘मोडलं’ म्हणायच्या. मोडीला घडणावळ मिळत नाही आणि नावाला तर नाहीच नाही.

उपनगरं पुन्हा एकदा खोकी भरताहेत

हे सगळं आत्ताच का वर आलं? कारण आपल्या उपनगरांची एक अख्खी पिढी एकाच वेळी घर बदलते आहे. अंधेरी आणि घाटकोपर १९५० साली बृहन्मुंबईत आले, बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली. १९६३ साली मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला. त्याच सुमारास भुलेश्वर, मांडवी, गिरगावच्या भाड्याच्या खोल्या सोडून माणसं लोकलने इकडे येऊ लागली आणि सहकारी सोसायट्या उभ्या राहिल्या. आमचे सासरेही त्यातलेच. दोन ट्रंका, एक स्टोव्ह आणि हे घंगाळ, एवढ्यावर एका टेम्पोच्या अर्ध्या भागात संसार मावला होता, असं आई सांगतात.

त्या इमारती आता पन्नास-साठीच्या झाल्या. सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली राज्य सरकारने २००९ साली पुनर्विकासाचे नियम घालून दिले. २०१९ साली ते बदलले आणि आधीच्या पाऊण सभासदांच्या संमतीऐवजी ५१ टक्के संमती पुरेशी ठरली. तेव्हापासून गल्लोगल्ली पत्र्याची कुंपणं दिसू लागली. अर्ध्या टेम्पोत आलेला संसार बाहेर काढायला आम्हाला दोन ट्रक सांगावे लागले.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रहपरिमाण व्रताचे अतिचार सांगितले आहेत. शेत, घर, सोनं, धान्य यांच्या रांगेत तिथे ‘कुप्य’ही येतं. कुप्य म्हणजे कपडालत्ता. सोन्याचा आणि जमिनीचा हिशेब सगळेच ठेवतात. कपड्यांची मर्यादासुद्धा ओलांडली जाते, हे आचार्यांनी वेगळं सांगून ठेवलं. आमच्या कपाटातून मिक्सरच्या भेटीत आलेल्या अकरा पिशव्या, न नेसलेल्या नऊ साड्या आणि आहेरात आलेली ब्लाउजपिसं निघाली. ब्लाउजपिसं किती, ते लिहीत नाही.

दुसरा रविवार

मंगळवारी आम्ही पाच-सहा जणी पुन्हा बसलो. काय केलं ते क्रमाने सांगते. तुमच्यापैकी कितीजणींवर ही वेळ येणार आहे, म्हणून.

आधी पुकारा. मुलांकडून मोठ्या अक्षरांत मराठी, हिंदी आणि गुजराती कागद लिहून घेतले. दूध केंद्र, पिठाची गिरणी, रिक्षा स्टँड, मंदिराचा फलक, शेजारच्या चाळीचा जिना, सगळीकडे लावले. घरकाम करणाऱ्या ताईंना स्वतः सांगितलं आणि “तुमच्या ओळखीत सांगा” असं म्हटलं. खरी गर्दी त्यांच्याचमुळे झाली.

मग वेळ. सकाळी साडेसात ते दहा. कामावर जाणाऱ्या बायका कामाआधी येऊ शकल्या आणि ऊनही लागलं नाही.

किमती ठरवताना आमचं खरं भांडण झालं. पहिल्या रविवारी आम्ही प्रत्येक वस्तूवर खरेदीच्या निम्मी किंमत लावली होती. पण ती वस्तू आपण दहा वर्षं वापरली, हे आपण विसरतो. या वेळी चारच ढीग केले, १० रुपये, ५० रुपये, १०० रुपये आणि चौथा ‘बोला’. ‘फुकट’ असा ढीग मुद्दाम ठेवला नाही. आमच्या कामाच्या ताई म्हणाल्या, “वहिनी, फुकट दिलं की लोक उपकार मोजतात. दहा रुपये घ्या, म्हणजे मी निवडून घेईन.” तिने पाच स्टीलचे डबे पाहिले, त्यातला झाकण घट्ट बसणारा एक घेतला आणि उरलेले खाली ठेवले. दान म्हणून दिले असते, तर पाचही मुकाट्याने न्यावे लागले असते.

विजेवर चालणाऱ्या वस्तू तिथेच लावून दाखवल्या. लांब वायरचा बोर्ड जिन्यातून आणला. बिघडलेल्या वस्तूवर ‘बिघडलेला’ असं स्पष्ट लिहिलं. असत्य बोलून काय मिळवायचं? एका मुलाने बिघडलेला पंखाच मागून घेतला. तो दुरुस्तीचं काम शिकत होता. गाद्या आणि लाकडी फळ्या दोन दिवस आधी उन्हात घालून, हलकेच झटकून घेतल्या. औषध मारलं नाही. आपल्याबरोबर मुंग्या-ढेकूण दुसऱ्याच्या घरी पाठवायचे नाहीत आणि त्यांना मारायचंही नाही, तर हा एकच रस्ता आहे.

एक गोष्ट मात्र विकायची नाही. जुनी पूजेची पुस्तकं, स्तोत्रांच्या वह्या, तीर्थंकरांची चित्रं असलेली कॅलेंडरं आणि लग्नपत्रिका. रद्दीच्या गठ्ठ्यात ही हमखास जातात आणि मग भज्यांच्या पुडीतून परत येतात. ती आम्ही वेगळी काढली. चांगले ग्रंथ मंदिराच्या ग्रंथभांडारात विचारून दिले, बाकीची एका स्वच्छ कापडात बांधून स्वतःबरोबर नेली.

साडेसातला मुलांनी थाळी वाजवली. आठपर्यंत कंपाउंड भरलं. आमच्या घराच्या वस्तूंचे ११,४६० रुपये झाले. सगळ्या घरांनी मिळून आधीच ठरवलं होतं की आलेल्या पैशातला निम्मा भाग आमचे फाटकावरचे भाऊ आणि झाडलोट करणाऱ्या मावशी यांना द्यायचा. आम्हाला तीन वर्षांनी मोठं घर मिळणार होतं. त्यांचं काम मात्र त्याच महिन्यात संपणार होतं, आणि नव्या टॉवरमध्ये माणसं एजन्सीकडून येतील. करारात आमच्या बत्तीस घरांची नावं होती, त्यांची नव्हती. सेलच्या निमित्ताने निदान ही गोष्ट सगळ्यांच्या तोंडून एकदा निघाली.

घंगाळाचं काय झालं

घंगाळ आईंनी स्वतः खाली आणायला लावलं. ते ‘बोला’ ढिगात ठेवून शेजारी खुर्ची टाकून बसल्या. येईल त्याला एकच प्रश्न, “याचं काय करणार?”

भंगारवाल्याने तिथेच वजन करून २,७०० रुपये सांगितले आणि प्रामाणिकपणे म्हणाला, “आजी, वितळणारच.” आईंनी मान हलवली. एक गृहस्थ जुन्या वस्तूंच्या दुकानाचे होते. त्यांना ते एका हॉटेलच्या दारात, पाणी आणि फुलं घालून ठेवायला हवं होतं. त्यांनी ४,००० देऊ केले. मला वाटलं, द्यावं. आई म्हणाल्या, “आईचं नाव लोकांच्या चपलांजवळ नको.” एका मुलीला आवडलं, पण तिच्या खोलीत ठेवायला जागा नव्हती. दहा वाजले. घंगाळ तसंच राहिलं.

मला थोडा रागच आला. इतक्या वस्तू दिल्या, आणि सगळ्यात जागा खाणारी तेवढी परत. संध्याकाळी दिवस बुडायच्या आत जेवणं उरकली. तेव्हा आईंनी मला विचारलं, “पिच्छी परिवर्तन बघितलंयस ना तू?”

बघितलं होतं. चातुर्मास संपल्यावर मुनिमहाराज जुनी मोरपिच्छी बदलून नवी घेतात. मुनींचा सगळा संसार म्हणजे पिच्छी आणि कमंडलू. त्यातली ती जुनी पिच्छी श्रावकाला मिळते, पण ती सवाल लावून मिळत नाही. जो संयमाचा काही नियम घेतो, त्याला मिळते. किंमत पैशांत नसते, नियमात असते.

“मग हे मला ठेवायचंय,” आई म्हणाल्या, “तर मलापण काहीतरी द्यायला पाहिजे.” आणि पंचाहत्तर ओलांडलेल्या त्या बाईने तिथेच, अर्धवट भरलेल्या खोक्यांमध्ये नियम घेतला. यापुढे घरात एक भांडं आलं, तर एक भांडं बाहेर जाईल. साडी आली, तर साडी जाईल. जाईल ती वापरणाऱ्याकडे जाईल. मीही त्यांच्याबरोबर घेतला. राग कुठे गेला, कळलं नाही.

आता घंगाळ दहिसरच्या छोट्या गॅलरीत आहे. शोभेला नाही. त्यात आम्ही बाहेर जायच्या वस्तू ठेवतो. एखादा डबा, एखादी साडी, नातवाची तोकडी झालेली पँट. भरलं की मी विचारपूस करते, कोणाला काय हवं आहे. परवा ते पहिल्यांदा भरलं. माझ्या वहीत सतराव्या नावाखाली मी एक ओळ मोकळी सोडली आहे. ती बोहारीण कधी दिसली, तर आधी तिचं नाव विचारणार आहे. आणि ते झाकण तिला परत द्यायचं आहे.

तुमच्या भांड्यांवर कोणाची नावं आहेत? मोडीत जाण्याआधी एकदा वहीत उतरवून ठेवा.

जय जिनेंद्र.